उतरलेला गंधार

एप्रिल लागला की माझ्या फोनवर एकाच अर्थाचे निरोप येऊ लागतात. "मॅडम, देसकार का नोटेशन भेज दीजिए." "मॅडम, अंतरे का फोटो क्लियर नहीं आया." संगीताच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात आणि धारमधल्या माझ्या घरातली पुढची खोली सकाळ-संध्याकाळ मुलींनी भरलेली असते. खाली सतरंजी, कोपऱ्यात घरघरणारा कूलर, आणि त्या घरघरीच्या वर आवाज काढून गाणाऱ्या मुली. बाहेर ऊन असं की रस्त्यावरचे ऑटोवालेसुद्धा झाडाखाली गाडी लावून आत पाय मुडपून झोपतात.

दर वर्षी वाटतं, पुढल्या वर्षी हे नको. गळा थकतो ते वेगळं. खरा थकतो तो कान. दिवसभर चुकलेले सूर ऐकायचे. त्यातली कुठली चूक आज सांगायची, कुठली उद्यावर ढकलायची, हे मनाशी ठरवायचं. एकदम सगळ्या सांगितल्या तर मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. रात्री अंथरुणावर पडले तरी कुणाचा तरी कच्चा निषाद कानात राहतो, दातात काही अडकून राहावं तसा.

मुली फोन समोर धरून गातात. नजर फोनवर, सूर फोनवरून. माझ्याकडे कुणी बघत नाही. मला त्यांना काही म्हणता येत नाही, कारण मीही अशीच शिकले. माझ्या लहानपणी वडिलांची बदली धार जिल्ह्यातल्या मनावर नावाच्या गावी झाली होती. तिथे गाणं शिकवणारं कुणी नव्हतं. आठवड्यातून एकदा धारहून एक बाई यायच्या, शिकवायच्या, स्वरलिपी लिहून द्यायच्या आणि परतीची बस धरायच्या. पुढचा आठवडाभर मी आणि तो कागद. अक्षराखाली आडवी रेघ असली की स्वर कोमल, डोक्यावर उभी रेघ असली की तीव्र, खाली टिंब म्हणजे खालचं सप्तक. आईला वाटायचं मी अभ्यास करतेय. खरं तर मी गात असायचे, फक्त तोंड मिटून. कागद बघितला की मला ऐकू यायचं. सगळ्यांना तसंच ऐकू येत असेल असं मी धरून चालले होते.

लग्न होऊन देवासला आले तेव्हा कळलं की तसं नसतं. माझे सासरे, मामंजी, उत्तम पेटी वाजवत. कचेरीतली नोकरी सांभाळून त्यांनी उभं आयुष्य एका बुवांची साथ केली होती. ते बुवा सकाळी गायला बसत आणि समोर कुणी कागद-पेन्सिल काढली की गाणं थांबवत. मामंजी त्यांच्याकडे जे शिकले ते सगळं कानावाटे. मला घरात येऊन आठवडाही झाला नव्हता. मामंजींनी मला समोर बसवलं, दोन ओळी म्हटल्या आणि म्हणाले, "म्हणा, सूनबाई."

मी विचारलं, "याचे स्वर काय आहेत, मामंजी?"

ते रागावले नाहीत. "म्हणजे तुमचं गाणं डोळ्यांतून येतं," म्हणाले, आणि पेटीचा भाता बंद केला. त्यानंतर त्यांनी मला कधी समोर बसवलं नाही. पुढे माझ्या नवऱ्याची, सुधीरची, नोकरी धारला आली. आम्ही इथे आलो, मी शिकवण्या सुरू केल्या. मामंजी देवासलाच राहिले, थोरले दीर आणि मंदावैनींजवळ. सणावारी भेट व्हायची. मामंजी प्रकृती विचारत, मुलांची शाळा विचारत. गाण्याचं विचारत नसत.

असाच एक एप्रिल होता. गहू कापून झालेला, लसूण निघालेला. मुलींच्या परीक्षा चालू होत्या आणि मी अगदी मेटाकुटीला आले होते. मंदावैनींचा फोन आला.

"मामंजींनी तुला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "कागद घेऊन ये म्हणाले."

मला वाटलं घराच्या कागदपत्रांचं काही असेल. मी सुधीरला बोलावू लागले. वैनी म्हणाल्या, "अगं तो नको. तू. गाण्याचे कागद."

रविवारी गेले. मामंजी टेकडीकडे तोंड असलेल्या खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्यांचं ऐकू येणं कमी झालंय हे आम्हाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी कानाला यंत्रही लावलं होतं. पण किती कमी झालंय ते त्या दिवशी कळलं. मी दारातून "मामंजी" म्हटलं, जवळ जाऊन म्हटलं, आणि शेवटी समोर जाऊन वाकले तेव्हा त्यांना मी दिसले.

"सूनबाई, बुवांच्या चिजा माझ्यापाशी आहेत," ते म्हणाले. बंदिशीला ते चीजच म्हणत. "मी गेल्यावर त्यांचं काय व्हायचं ते होवो. पण माझ्याआधीच त्या जायला लागल्यात असं दिसतंय. लिहून घ्या."

मी मोठ्याने म्हटलं, "तुम्हाला लिहिलेलं आवडत नाही."

"नाहीच आवडत. पण आता ऐकून घेणारं कोण आहे?"

मी कागद काढले. त्या रविवारपासून पावसाळा लागेपर्यंत मी जवळजवळ दर रविवारी देवासला गेले. सकाळची बस, इंदूरला उतरून दुसरी बस. त्या दिवसांत बसच्या टपावर, मधल्या वाटेत, पायाखाली, सगळीकडे लसणाच्या गोण्या असत. कंडक्टर म्हणे, "भिया, थोड़ा सरको, मैडम को बैठने दो," आणि मी गोण्यांना पाय लावून बसे. खिडकीतून लू, उन्हाळ्यातला तो भाजणारा वारा, आत येई, तोंडावर इस्त्री धरल्यासारखी. संध्याकाळी घरी परतले की साडीला लसणाचा वास येई आणि सोमवारी पहाटे मुली दारात हजर. सुधीर म्हणाला, एक रविवार तरी सोड. मलाही सोडावासा वाटायचा. पण ज्या माणसाने मला एकदा समोरून उठवलं होतं, त्याने पुन्हा बोलावलं होतं. तेव्हा ते मला इतकं स्वच्छ कळत नव्हतं. मी आपली जात होते.

पहिली चीज देसकार रागातली होती, सकाळची. शब्द साधे: पाहुणा निघालाय, दार अजून उघडं आहे, त्याला कुणी थांबवत नाही. मामंजींनी डोळे मिटले आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज म्हातारा पण गोल, गळ्याची फिरत अजून शाबूत. मी लिहू लागले आणि दुसऱ्या ओळीत माझी पेन्सिल थांबली.

गंधार खाली होता.

पेटीचा गंधार मुळात किंचित चढा असतो, तानपुऱ्यातला त्याहून जरा खाली बोलतो, हे शिकवणाऱ्या कुणालाही माहीत असतं. हा त्याच्याही खाली होता, शुद्ध आणि कोमल यांच्या मधल्या जागेत कुठेतरी. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच, इतका ठामपणे की मला वाटलं, बुवाच असा लावत असतील. जुन्या लोकांच्या काही जागा असतात. आता हे मी कुणाला विचारणार? बुवा राहिले नव्हते. त्यांना ऐकलेली दुसरी माणसं राहिली नव्हती. एका कानातून दुसऱ्या कानात आलेली गोष्ट, आणि तो दुसरा कान माझ्यासमोर मिटत चाललेला. मी 'ग' लिहिला आणि त्याच्या बाजूला खाली जाणारा एक बाण काढला.

असे तीन-चार रविवार त्याच चिजेवर गेले. बाण वाढत गेले. गंधारापाशी एक, धैवतापाशी एक, मग वरच्या षड्जाशीसुद्धा. वरचा षड्ज कुणी जाणून उतरता लावत नाही. तेव्हा माझी खात्री पटली: ही बुवांची जागा नव्हती, मामंजींचा सूरच उतरत होता.

दुपारी स्वयंपाकघरात मंदावैनी कैरी किसत होत्या. मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "तूही ऐकलंस ना?"

"कधीपासून आहे हे?"

"यंत्र लावलं तेव्हापासून कळायला लागलं. आधीही असेल. आम्ही कुणी बोललो नाही. काय बोलणार?" किसणं थांबवून त्या म्हणाल्या, "शनिवारी देवळात भजन सांगायला अजून मामंजीच बसतात. सगळे मागून म्हणतात. मीही म्हणते."

"मग लोकांना कळत नाही?"

"ते खाली आले की आम्हीही सगळे खाली येतो. सवय झालीय आता."

त्या संध्याकाळी बसमध्ये माझ्या डोक्यात तेच देऊळ होतं. तीस-चाळीस माणसं, कुणाकडे पुस्तक नाही, कागद नाही, सगळी एका म्हाताऱ्याच्या आवाजामागे चाललेली. तो एक पायरी उतरला की तीही उतरतात. कानाने शिकलेल्यांचं हेच भलं आणि हेच वाईट, असं मला वाटत राहिलं. माणूस पुढे असेल तिथे ती जातात. कागदवाला कुणी त्यांच्यात असता तर एकटाच वर राहिला असता, बरोबर आणि एकटा.

पुढच्या रविवारी मी पेटी खाली काढली. बऱ्याच दिवसांत तिला कुणी हात लावला नव्हता. मामंजींनी मान हलवली. "नको. यंत्र लावलं की ती डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते. काढलं की वाजतच नाही."

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली आणि सवयीने भात्याकडे गेलेला त्यांचा हात धरून बाजूला केला. हाताने खूण केली: भाता नको, नुसती बोटं. आणि ओठांवर बोट ठेवलं: म्हणूही नका.

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं. "मुकी वाजवू?" म्हणाले. किंचित हसू आलं तोंडावर. कानातलं यंत्र काढून त्यांनी खिडकीत ठेवलं आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली.

वीज गेलेली होती. पंखा बंद, कूलर बंद. खोलीत फक्त लाकडी पट्ट्या दाबल्याचा टकटक आवाज. मी बाजूला वाकून त्यांची बोटं बघत होते आणि लिहीत होते. गंधाराच्या पट्टीवर बोट निःशंक पडत होतं. धैवतावर, वरच्या षड्जावर, सगळीकडे. जिथे मींड होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं होतं, तिथे पेटीवर मींड येत नाही म्हणून ते बोट न उचलता पट्ट्यांवरून ओढत नेत. मी त्या स्वरांच्या डोक्यावर कमान काढे. त्यांचे डोळे मिटलेले, मान हलत होती. त्यांना ऐकू येत होतं. मनावरला तोंड मिटून मी जे ऐकायचे तसंच काहीतरी. माझं कागदावरून यायचं, त्यांचं बोटांतून येत होतं. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांना परके समजत आलो होतो.

चीज संपली. मी आधीच्या रविवारचे कागद काढले आणि बाण खोडायला लागले. एकामागून एक. खोडताना मला भान राहिलं नाही की ते बघतायत.

"काय खोडलं?"

मी मान वर केली. मामंजींना स्वरलिपी वाचता येत नव्हती, पण खोडाखोड कुणालाही दिसते.

"मी सांगितलेलंच आहे ना ते? कुठे चुकलो?"

जे हळू आवाजात, बाजूला बसून सांगायचं असतं ते ओरडून सांगावं लागणार होतं. शेजारच्या घरातही ऐकू गेलं असतं. मला ते होईना. मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: आवाज उतरतो आहे. बोटं बरोबर आहेत.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. स्वयंपाकघराच्या दारात मंदावैनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. मामंजींनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मंदाला ठाऊक आहे." त्यांनी ते विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. वैनींनी खाली बघितलं.

"आणि शनिवारी?"

मी लिहिलं: लोक तुमच्या मागून म्हणतात. तुम्ही खाली आलात की तेही येतात.

"सगळं देऊळ?"

मी होकाराची मान हलवली.

खिडकीतलं यंत्र उचलून त्यांनी कानात बसवलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "दुसरी चीज घ्या. तुमची बस चुकेल."

सांगायला नको होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आज वाटत नाही. त्यांनी विचारलं होतं, आणि त्यांच्यापासून लपवणं त्या घरात पुरेसं झालं होतं. पण ते सांगणं आपल्या वाट्याला आलं, याचा शीण मात्र अंगातून जात नाही. दर वर्षी ही हवा आली, पहिली गरम झुळूक खोलीत शिरली, की तो पुन्हा जाणवतो.

त्या शनिवारी मामंजी देवळात गेले. पेटीपाशी बसले, पेटी वाजवली, म्हटलं मात्र नाही. मंदावैनींनी नंतर सांगितलं, लोक त्यांच्या तोंडाकडे बघत थांबून राहिले. शेवटी कुणीतरी सुरुवात केली ती भलत्याच पट्टीत. पेटी एकीकडे, माणसं दुसरीकडे. आरती कशीबशी उरकली. त्यानंतर ते गेले नाहीत. आता तिथे शनिवारी कुणाच्या तरी मोबाइलवरची भजनं स्पीकरला जोडतात. सूर पक्के असतात. म्हणणारे कमी झालेत.

रविवार मात्र चालू राहिले. पेटी मुकी, मी लिहिणारी. मध्येच एकदा ते म्हणाले, "ही तुमची अक्षरं मला शिकवा." त्या वयात त्यांनी रेघा आणि टिंबं शिकून घेतली, मन लावून, पहिलीतल्या मुलासारखी कागदावर बोट ठेवून. मग मी लिहिलेलं ते तपासू लागले. बोट सरकत जाई, ओठ हलत. एका जागी बोट थांबलं.

"इथे बुवा थांबत."

"किती मात्रा?" मी कागदावर लिहून विचारलं.

"त्या दिवशी जेवढं वाटेल तेवढं."

ते कसं लिहायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी तिथे थोडी जागा कोरी सोडली. त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "हं. असंच."

पावसाला सुरुवात झाली तेव्हा बहुतेक चिजा लिहून झाल्या होत्या. पुढच्या थंडीत मामंजी गेले, झोपेत, फार त्रास न होता. शेवटच्या महिन्यांत ते कुणाशी फारसं बोलत नसत, पण सकाळी खिडकीत बसून कागद घेऊन वाचत, असं वैनी सांगतात. वैनी दारातून बघत असत. मान हलताना दिसे.

त्या चिजा मी शिकवते. सगळ्यांना नाही, परीक्षेला नेमलेल्या बंदिशी वेगळ्या असतात आणि मुलींना त्याच हव्या असतात. पण यंदा पलक आहे. तिचे वडील बसस्टँडजवळ इलेक्ट्रिकचं दुकान चालवतात. आजी घरात मराठी बोलते. पलकला समजतं, बोलता येत नाही. तिचा गळा फार चांगला आहे. तिला मी देसकारातली ती पहिली चीज दिली. म्हणजे फोटो पाठवला.

परवा सकाळी तिने म्हणून दाखवली. एक स्वर इकडचा तिकडे नाही. आणि पत्ता वाचून दाखवावा तशी. मी म्हटलं, "फोन खाली ठेव. माझ्या मागून म्हण."

मी म्हणू लागले. ती मागून येऊ लागली. दोन आवर्तनं झाली आणि ती थांबली.

"मॅडम, एक बात बोलूँ?"

"बोल."

"नोटेशन में ग पूरा है. आप थोड़ा नीचे लगा रहे हो."

"असं?"

"मैं भी आपके पीछे नीचे जा रही थी." तिने फोन उचलला, सूर मोजायचं ॲप उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. "अब बोलिए."

मी म्हटलं. काटा मधल्या रेघेच्या अलीकडे राहिला. फोनमधल्या काट्यावर माझा फारसा भरवसा नाही, म्हणून तानपुरा लावून पुन्हा म्हटलं. तिथेही नाही बसला. मग मी देसकारातली दुसरी बंदिश म्हटली, परीक्षेची. त्यातला गंधार जागेवर होता. पुन्हा मामंजींची चीज घेतली. डोळे उघडे ठेवून, लक्ष देऊन लावला तेव्हा बरोबर लागला. डोळे मिटले, चिजेच्या ओघात गेले, आणि तो खाली आला.

"देखा," पलक म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. तिला काळजी वाटत होती. परीक्षा आठवड्यावर आली होती.

मी तानपुरा बंद केला. माझ्या हस्ताक्षरात, त्यांच्या बोटांवरून उतरवलेलं जे कागदावर आहे ते बरोबर आहे. ते मी खोडून, तपासून, त्यांच्याकडून वाचून घेतलंय. पण त्याआधी तीन-चार रविवार मी त्यांच्यासमोर बसून हीच चीज त्यांच्या गळ्यातून ऐकली होती, आणि जे कानात गेलं ते मला कधीच खोडता आलं नाही. कागदावरून मी आयुष्यभर शिकले. कानाने शिकलेली ही एकच चीज माझ्यापाशी आहे, आणि ती चुकीची आहे.

"तुझं बरोबर आहे," मी पलकला म्हटलं. "फोन घे. कागदात आहे तसंच म्हण."

ती फोन समोर धरून म्हणू लागली. गंधार भरघोस, जिथल्या तिथे. खोलीत तोच ऐकू येत होता. मी मांडीवर ताल धरून बसले होते आणि तिच्याबरोबर मनातल्या मनात म्हणत होते, खालचा.